आत्याच्या पोटातलं नाव

आमच्या घरात बाळाचं नाव आत्या ठरवते. आईवडील नाही, आजोबा नाहीत, पंचांगसुद्धा नाही. आणि ठरवल्यावर ती ते कुणाला सांगत नाही. पाळण्यापाशी जाईपर्यंत पोटात ठेवते. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाच्या वेळी मी सहा वर्षांची होते. आत्या आदल्या दिवशीच एसटीनं आली होती आणि मी तिचा पदर धरून घरभर फिरत होते. "सांग ना गं, काय नाव?" असं विचारलं की ती पोटावर हात ठेवून म्हणायची, "हितं हाय. उद्या भाईर येतंय." मी तिच्या पोटाला कान लावून पाहिला. आत नुसतं गुरगुरत होतं. दुसऱ्या दिवशी बायकांचे बुक्के पाठीवर खात तिनं पाळण्यावर वाकून 'कुर्रर्र' केलं, आणि भावाचं नाव बाहेर आलं. त्या दिवसापासून आत्या होणं ही मला फार मोठी गोष्ट वाटत आली आहे.

गेल्या दिवाळीत भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले.

मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. दुसरी भावाची. तो आणि भावजय दोघंही हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ती टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हेच तिचं काम, आणि ते ती घरीही बंद करत नाही. मला वाटलं होतं की नाव ठेवायचा माझा हक्क आता नावापुरताच राहणार. पण दवाखान्यातून तिचाच फोन आला.

"ताई, आमच्या दोघांचं एकाही नावावर एकमत होत नाहीये. त्याला आवडतं ते मला बोअर वाटतं आणि मला आवडतं ते त्याला बिस्किटाचं नाव वाटतं. सो, तुमची ती पद्धत आहे ना, तसंच करू. तुम्हालाच आउटसोर्स."

"आणि नंतर नाही आवडलं तर?"

"फक्त युनिक हवं. माझ्या वर्गात माझ्या नावाच्या आम्ही चौघी होतो. बाई रोल नंबरने हाक मारायच्या."

मी फोन ठेवते न ठेवते तोच गावाहून आईचा आला. आमचं गाव सोलापूरच्या अलीकडचं, तालुक्याचं. आईनं आधी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते विचारलं, मग मुद्द्यावर आली.

"नाव कसलंबी ठेव. माझं काय म्हणणं न्हाई. पर अर्थ मला सांगता आला पायजे. गल्लीत कुणी विचारलं तर मी काय तोंड बघत बसू का?"

हे ती सहज बोलत नव्हती. आईचं माहेरचं नाव वेगळं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं, आणि ते संस्कृत नाव घेऊन ती आमच्या घरी आली. त्याचा अर्थ कुणी तिला सांगितला नाही, तिनंही विचारला नाही. तिची शाळा चौथीतच सुटली होती. मी महाविद्यालयात गेल्यावर पहिल्या सुट्टीत शब्दकोश घेऊन गावी गेले आणि तिच्या नावाचा अर्थ वाचून दाखवला. भाकरी थापता थापता ती थांबली. "एवढं चांगलं हाय व्हय?" म्हणाली, आणि दिवसभर मधूनच हसत होती. नातीला अशी वाट बघायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तर दोन अटी. नाव दुसऱ्या कुणाचं नसावं, आणि ते माझ्या आईला कळावं. एक अट पाळायला गेलं की दुसरी मोडत होती. पुण्यात कुणी ऐकलेलं नाही असं नाव माझ्या आईला कुठून कळणार?

आणि तरी मला एक नाव माहीत होतं. पुष्कळ वर्षांपासून.

पदवीसाठी पुण्यात आले तेव्हा मी रास्ता पेठेत एका मावशींकडे एक कॉट भाड्यानं घेतली होती. मावशी बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. यहुदी हा शब्द मी तोवर फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. मला सोडायला आलेली आई दाराच्या चौकटीवर तिरक्या बसवलेल्या छोट्या नळीकडे बघत राहिली. त्या नळीत प्रार्थनेचा कागद असतो, हे आम्हाला नंतर कळलं.

"तुमी कुठलं म्हणायचं?" आईनं विचारलं.

"आम्ही अलिबागकडचे."

"मग आपलंच की," आई म्हणाली, आणि माझी वळकटी आत ठेवली.

मावशींचं मराठी माझ्यापेक्षा शंभर पटींनी शुद्ध होतं. माझ्या 'हाय'चं 'आहे' त्यांनीच केलं, पण कधी हसून नाही. मला त्या 'सोलापूर' म्हणूनच हाक मारायच्या. "सोलापूर, दिवा चालू ठेवून झोपलं म्हणजे अभ्यास होत नाही हो, फक्त वीज जळते." शुक्रवारी संध्याकाळी भिजवलेल्या मनुकांचं सरबत करायच्या आणि प्रार्थना झाली की मलाही अर्धी वाटी मिळायची. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी चूल बंद असायची. त्यांचे यजमान गेलेले, दोन्ही मुलगे इस्राएलला स्थायिक झालेले. मी जेवले आहे की नाही हे पुण्यात विचारणारं तेव्हा त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या वर्षीच्या थंडीत मेसच्या जेवणानं माझं पोट बिघडलं. आईला फोनवर सांगितलं, तर तिनं दुसऱ्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरकडे साठवणीतली एक बाटली दिली. स्वारगेटला जाऊन ती मी घेऊन आले. बाटली फडक्यात गुंडाळलेली आणि आत गढूळसर पाणी.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"आंब आहे. हरभऱ्याची."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. थंडीत संध्याकाळी हरभऱ्याच्या रोपांवर स्वच्छ धुतलेलं धोतर पसरायचं. रात्री दव पडतं, रोपावरचा आंबटपणा घेऊन कापडात मुरतं. उजाडायच्या आत जाऊन ते कापड भांड्यात पिळायचं. ती आंब. पोटाला गुणकारी. एक बाटली भरायला आईला कितीतरी पहाटा लागतात.

मावशी खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तुमच्याकडे दव पिळून बाटलीत भरतात?"

"हो."

"आण इकडे."

त्यांनी चमचाभर घेतली, डोळे गच्च मिटले, आणि तोंड पूर्वपदावर आल्यावर म्हणाल्या, "आमच्यात दवासाठी वेगळी प्रार्थना आहे, माहीत आहे? उन्हाळ्याच्या तोंडाशी आमचा सण येतो, त्या दिवशी म्हणतात. तिकडे इस्राएलात पावसाचे दिवस तेव्हा संपतात, आता पाऊस मागायचा नाही, दव मागायचं. मी लहानपणापासून ती ऐकत आले. पुण्यात दवाचं काय एवढं, असंच वाटायचं. नळाला पाणी येतंय की." मग म्हणाल्या, "मला मुलगी झाली असती तर मी तालिया ठेवणार होते. हिब्रूत ताल म्हणजे दव, आणि शेवटचा 'या' देवाचा. देवाचं दव. दोन्ही वेळेला मुलगा झाला. नाव राहून गेलं."

एवढं बोलून त्या आमटीला फोडणी द्यायला उठल्या. मी मात्र ते नाव विसरले नाही. तालिया. तोंडात कुठे अडत नाही, मराठीतून म्हणा नाहीतर इंग्रजीतून. आणि ऐकताना मला परकं वाटलंच नाही, कारण त्याच्यामागे मला आमचं रानच दिसलं होतं.

पण दुसऱ्याचं राहून गेलेलं नाव असं उचलून आणता येत नाही. म्हणून बारशाच्या आधी एका मंगळवारी मी रास्ता पेठेत गेले. मावशी आता थकल्या आहेत, पण जिभेला काही झालेलं नाही.

"एवढ्या दिवसांनी? ग्रंथालयात पुस्तकं संपली वाटतं."

मी सरळ विचारलं. "मावशी, भावाला मुलगी झाली आहे. तालिया ठेवू?"

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या हातात मनुकांच्या सरबताची वाटी घेऊनच. शुक्रवारचं सरबत, मंगळवारी.

"विचारतेस काय? नाव काय मी कुलपात ठेवलं होतं?" त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आईचं काय? तिला चालेल?"

"तिला अर्थ कळला की चालेल."

"आणि शाळेतली कार्टी टाळ्या वाजवून चिडवतील हिला."

"मग?"

"मग काय! टाळ्याच वाजवतील. माझ्या मुलांच्या नावांवरून जे चिडवायचे त्यापेक्षा पुष्कळ बरं."

मी त्यांना बारशाचं आमंत्रण दिलं. बारसं भावजयीच्या माहेरी, कर्वेनगरमध्ये, सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये होतं. रविवार होता, त्यामुळे मावशींच्या शनिवारचा प्रश्न नव्हता.

मधल्या दिवसांत आईनं तीनदा फोनवर आडून आडून विचारलं. "काय सुचलं का गं?" "सुचलंय." "मग?" मी आत्यासारखीच म्हणाले, "पोटात आहे." "बरं बाई," एवढंच म्हणून आईनं फोन ठेवला. मला वाटलं, पद्धत पाळतेय म्हणून तिला बरं वाटलं असणार.

रविवारी हॉल भरला. पाळण्याला शेवंतीच्या माळा. घुगऱ्यांसाठी आईनं गावचे हरभरे आणले होते आणि पहाटे उठून स्वतः शिजवले होते. मावशी काठी टेकत आल्या, हातात स्टीलचा डबा. त्यात मलिदा. आनंदाच्या वेळी त्यांच्यात देवाचे आभार मानून वाटतात तो.

भावजयीच्या वडिलांनी, अस्सल पुण्याच्या निवृत्त गृहस्थांनी, डब्यात डोकावून पाहिलं. "पोहेच आहेत की हे. नारळ घातलेले."

"पोहेच आहेत," मावशी म्हणाल्या. "फक्त आभार आधी मानून झालेत. तुम्हाला नाही मानले तरी चालतील."

त्या गृहस्थांनी स्वतः उठून मावशींना पंख्याखालची खुर्ची दिली.

बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून देऊन झालं. आईनं पाळण्याची दोरी धरली. पाळणा तीच म्हणणार होती. नाव कळलं की ते ओळीत घालून. मी वाकले, बायकांनी पाठीवर बुक्के घातले, त्यातला एक भावजयीच्या मावशीचा चांगला जोरदार होता, आणि मी 'कुर्रर्र' करून त्या इवल्या कानात नाव सांगितलं. बाळ जांभई देत होतं. मग मी सरळ उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "तालिया."

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"हे कुठलं गं नाव?" मागून कुणीतरी विचारलं.

"चांगलं आहे," भावजयीचे वडील म्हणाले. "आता जन्मभर प्रत्येक बँकेत दोनदा सांगायचं."

मी या क्षणाची तयारी केली होती. घसा साफ करून सुरुवात केली, "हिब्रू ही अत्यंत प्राचीन भाषा असून तिच्यातील नावांना..."

"आपण बारशाला आलोय ना?" ते शेजारच्यांना म्हणाले. "की व्याख्यानमाला आहे?"

सगळे हसले. आई हसली नाही. तिच्या हातात दोरी तशीच होती, पाळणा थांबला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस आधी?"

"अगं, नाव पोटात ठेवायचं असतं ना."

"येडे गं येडे!" आईचा आवाज एकदम गावचा झाला. "पोटात ठेवायचं ते लोकांपास्नं! माझ्यापास्नं न्हवं! तुझी आत्या तुझ्या भावाचं नाव आठ दिस आधीच माझ्या कानात सांगून गेली हुती. दोन नावं मी परत पाठवली, तवा हे तिसरं आलं!"

आता हॉल खरोखर हसायला लागला. सगळ्यांत मोठ्यानं माझा भाऊ. मी मात्र पाळण्याची कड धरून उभी होते. एवढ्या वर्षांनी मला कळत होतं की त्या आत्याच्या पोटात काहीच नव्हतं. घरातल्या दोन बायकांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं आणि मला एकटीला ते खरं वाटलं होतं.

"हसू नका," आई म्हणाली, आणि सगळे थांबले. "अर्थ काय त्याचा? नीट सांग. पुस्तकातलं नको."

"दव," मी म्हणाले.

"दव?"

"हो. देवानं दिलेलं दव."

"पहाटंचं?"

"पहाटेचं."

"म्हंजे... ज्वारीवर पडतंय ते?"

"तेच, आई."

"आणि हरभऱ्यावरचंही," पंख्याखालून मावशी म्हणाल्या. "तुम्ही ती बाटली पाठवली होतीत ना, तेव्हा आमच्या घरात हे नाव निघालं. त्यातली निम्मी मीच संपवली, तुमच्या मुलीला कळू न देता."

"तुमी पिला?" आईचे डोळे मोठे झाले. "लई आंबट लागली असंल."

"तोंड वाकडं झालं. पोट मात्र सरळ झालं."

आई क्षणभर बाळाकडे बघत राहिली. मग ती बायकांकडे वळली. एक हात दोरीवर, एक कमरेवर. कर्वेनगरच्या त्या सगळ्या शिकल्यासवरल्या बायकांना ती सांगायला लागली, अगदी ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसं.

"आमच्याकडं थंडीत पाऊस नस्तोय बघा. ज्वारी पेरली की ती आभाळाकडं बघत न्हाई. राच्च्याला दव पडतं, ते पिऊन पिऊन ती माणसाच्या वर जाती. सकाळी रानात शिरलं की लुगडं गुडघ्यापतोर चिंब. कुणी आणलं, कवा आणलं, काय आवाज न्हाई. ते हाय हे नाव. दव. देवाचं."

मग माझ्या पाठीत जोरदार बुक्का घालणारी ती बाई म्हणाली, "अय्या, किती गोड." आणि आईनं दोरी ओढली. पाळणा म्हणायला लागली तेव्हा प्रत्येक कडव्याच्या शेवटी तालिया अगदी जागच्या जागी बसत होतं. जणू तिनं ते घरी म्हणून पाहिलं होतं.

पाळणा संपल्यावर मावशी उठल्या. काठी खुर्चीला टेकवून पाळण्यापर्यंत आल्या, वाकल्या आणि हाक मारली. "तालिया." एकदाच. बाळानं मूठ सोडली आणि पुन्हा मिटली. मावशी पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "पंखा फार आहे हो तिथे. डोळ्यांत वारा जातो."

भावजयीचं काम अजून व्हायचं होतं. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली आणि सोसायटीच्या मैदानाकडे तोंड करून ओरडली, "तालियाऽ, पुरे झालं खेळणं, जेवायला चल!" मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, मुली सायकली फिरवत होत्या. एकानंही मान वळवली नाही. फक्त वॉचमन उठून उभा राहिला.

"पास," ती आत येऊन म्हणाली. "ताई, फुल मार्क्स."

पुढच्या महिन्यात थंडी चांगली पडली. एका रविवारी सकाळी आईचा फोन आला की एसटीत बाटल्या दिल्या आहेत, दुपारी स्वारगेटला जाऊन घे. मी विचारलं, "बाटल्या? एवढ्या कुणाला? बाळ तर केवढंसं आहे."

"एक तुला. एक तुझ्या मावशींना. निम्मी पिल्या म्हणाल्या न्हवं का? या वक्ताला चोरून प्यायला नको."

दुपारी स्वारगेटला आमच्या गावची गाडी लागली. कंडक्टर अनोळखी होते, उतरत्या वयाचे. मी आईचं नाव सांगितलं तसं त्यांनी सीटखालून पिशवी काढली. फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, त्यांच्यामध्ये आपटू नये म्हणून एक जुना टॉवेल.

"सांभाळून घ्या," ते म्हणाले. "नात झाली म्हणं तुमच्याकडं."

"हो. भावाला मुलगी झाली."

"म्हातारीनं सांगितलं. गाडी सुटंपतोर सांगत हुती. दवाचं नाव ठेवलंय म्हणं पोरीचं. देवाचं दव." त्यांनी तिकिटांचं यंत्र खांद्यावर सारखं केलं. "चांगलं हाय. आमच्याबी रानात ज्वारीच असती."

मी पिशवी छातीशी धरली आणि रास्ता पेठेकडे जाणारी बस शोधायला निघाले.